रोप हसलं तर शेत हसतं

दुपारची भाकरी झाली असेल, भांडी घासायची राहिली असतील, तर राहू द्या घटकाभर. आज आपण आवणाविषयी बोलू. आवणी बायकांच्याच हातची आणि आवण काढणंही बायकांच्याच हातचं. मग ते रोप कोणत्या मातीत वाढवायचं, त्याला काय खायला घालायचं, हेही आपणच ठरवायला नको का?

आधी आमच्या घरची फजिती सांगते. आमचं शेत कल्याणहून मुरबाडकडे जाताना लागतं. चारेक वर्षांपूर्वी आमच्याकडे फुकटची माती आली. शहराकडे इमारतीचा पाया खणला होता, ती माती डंपरवाल्याने बांधाला आणून टाकली. रंगाने छान तांबूस होती. आम्ही म्हटलं, खाचरातली चिकण माती कशाला, याच मातीचे वाफे करू. पेरलं, उगवलंही. आठ-दहा दिवसांनी रोपं पिवळी पडू लागली. पाऊस पडला की वर पापुद्रा धरायचा, ऊन पडलं की तडे. शेवटी आवण कमी पडलं, शेजारणीकडून मुठ्या उसन्या आणाव्या लागल्या आणि त्याच्या बदल्यात तिच्या शेतावर चार दिवस आवणीला जावं लागलं.

चूक कुठे झाली? पायाची माती खोलवरची असते. तिच्यात ना पालापाचोळा कुजलेला, ना जीवजंतू. त्यात सिमेंट-चुना मिसळला असेल तर आणखी वाईट. रोपाला पोसते ती वरची वीतभर माती. म्हणूनच सांगते, वीटभट्टीवाला दारात आला आणि वरच्या मातीचे रोख पैसे देतो म्हणाला, तर हिशोब नीट करा. पैसे एका सणात संपतील, ती माती परत व्हायला पिढी जाईल.

मग आवणासाठी जागा कोणती घ्यायची? जिथे पाणी तुंबत नाही, दिवसभर ऊन लागतं आणि घरापासून लक्ष राहतं ती. माती ओळखायची सोपी रीत आहे. ओली माती मुठीत दाबा. गोळा होऊन बोटाने टोचल्यावर सुटली तर चांगली. लांब वळी वळता आली आणि ती मोडलीच नाही, तर ती फार चिकण, तिच्यात शेणखत आणि राख जास्त घाला. गोळाच झाला नाही तर ती हलकी, तिच्यातून खत वाहून जाणार. सगळ्या शेताची माती तपासून घ्यायची असेल तर आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करा आणि त्यातली अर्धा किलो पाठवा. उकिरड्याजवळची किंवा झाडाखालची घेऊ नका.

आता राबाचं बोलू. शेण, ऐनाचा टहाळ, गवत, वर माती, असे थर देऊन उन्हाळ्यात भाजायचं, ही आपल्या ठाणे जिल्ह्याची जुनी रीत. तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते, राखेतून रोपाला खाऊ मिळतो. आजी-पणजी उगाच भाजत नव्हत्या. राबाच्या टहाळावरून इंग्रजांच्या जंगल खात्याशी इथल्या शेतकऱ्यांचं भांडण झालं होतं. जंगलाच्या तक्रारी ऐकायला 1885 साली मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. पण बायांनो, टहाळाचे भारे कोणाच्या डोक्यावर येतात? आपल्याच. आणि जे शेण भाजून टाकतो, ते कुजवलं असतं तर खत झालं असतं.

डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत याला एक वाट दाखवली आहे. भाताच्या तुसाची काळी राख वाफ्यात मिसळायची. तूस गिरणीत मिळतं. या राखेत सिलिका असते, तिने रोप ताठ आणि कणखर होतं, खोडकिडीला लवकर बळी पडत नाही. एक मात्र खरं, भाजणं सोडलं की तण जास्त येतं. तेव्हा एक खुरपणी वाढेल. पण ती उन्हातल्या भाऱ्यांपेक्षा परवडते.

आता माप लिहून घ्या. वाफा दहा मीटर लांब, एक मीटर रुंद, वीतभर उंच, दोन्ही बाजूंनी चर. त्यात पूर्ण कुजलेलं शेणखत 25 किलो, तुसाची राख 5 ते 10 किलो. पेरताना युरिया 100 ग्रॅम आणि सिंगल सुपर फॉस्फेट 300 ग्रॅम मातीत मिसळा. शेण ताजं घालू नका. त्याची उष्णता कोवळ्या मुळांना मानवत नाही, शिवाय तण आणि हुमणी सोबत येते. बी आधी मिठाच्या पाण्यातून काढा. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ घालायचं, वर तरंगेल ते पोचट बी काढायचं, तळाचं साध्या पाण्याने दोनदा धुऊन सावलीत सुकवायचं. पेरायचं ओळीत आणि विरळ. दाट पेरलेलं रोप सुतासारखं बारीक होतं.

पंधरा दिवसांनी खुरपून घ्या आणि पुन्हा 100 ग्रॅम युरिया द्या. पानं ओली नकोत, वाफ्यावरून पाणी वाहत नको. आणि हो, रोप काळंभोर दिसावं म्हणून जास्त मूठ सोडू नका. जादा युरियाचं रोप देखणं दिसतं, पण मऊ असतं, चिखलात लावलं की आडवं पडतं आणि किडीला आवडतं.

एकवीस ते पंचवीस दिवसांत रोप लावणीला येतं. पाऊस मागेपुढे होतोच, म्हणून सगळं बी एका दिवशी पेरू नका. अर्धे वाफे आज, अर्धे आठ दिवसांनी. पाऊस रुसला तरी हाताशी कोवळं आवण राहील. काढताना वाफा ओला करा, मूठ बुडाशी धरा, मुळं तोडू नका.

आता एक काम सांगते. यंदा गटातल्या एकीच्या शेतात एक वाफा राबाचा आणि एक तुसाच्या राखेचा, शेजारी शेजारी करा. दोन्हीकडचं एकेक रोप उपटून मुळं बघा. माझ्या सांगण्यावर नको, आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवा. आणि जे दिसेल ते आम्हाला कळवा.