टाकाऊतून उभं राहणारं गाव

दिवाळीतला किल्ला आठवतो ना? विटा, पोती, चिखल, हळिवाची हिरवळ, आणि बुरुजाहून उंच मावळा! त्याची मजा वेगळीच. पण देखावा खरा वाटायला हवा असेल तर आधी प्रमाण ठरवायचं.

छोट्या रेल्वेच्या प्रतिकृतींमध्ये १:८७ हे प्रमाण जगभर रूढ आहे. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे हे जग डोळ्यांनी पाहता येतं. १:८७ या प्रमाणात एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर. सहा फुटी दार फक्त २१ मिलिमीटरचं. दोन मिलिमीटर जाडीची आगकाडी इथे सुमारे सात इंची तुळई होते!

टाकाऊतून असं गाव उभं करताना खरी गंमत पत्र्याच्या छपरात आहे. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या पन्हळी इथे फारच मोठ्या दिसतात. त्याऐवजी पार्सलच्या ॲल्युमिनियम डब्याचा तुकडा जाड कापडावर ठेवा आणि सहा मिलिमीटरचा बोल्ट त्यावर दाबून लाटा. आट्यांमध्ये एकेक मिलिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे पन्हळी हुबेहूब उमटतात. कडांना विटकरी रंग टेकवला की पत्रा गंजलेला दिसतो.

उकळलेली चहापूड धुऊन कडक वाळवा. गोंदावर भुरभुरली की शेतातली माती तयार. ओली राहिली तर मात्र बुरशी धरते.

यंदा किल्ला कराल तेव्हा आधी मावळ्याची उंची मोजा आणि त्याच हिशेबाने दरवाजा करा.