गोधडीचे टाके कोण मोजणार?

(भिवपुरी परिसरातील महिलांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



भिवपुरीचे नाव घेतले की लोकलने जाणाऱ्याला स्टेशन आठवते आणि जाणत्याला वीजघर. घाटमाथ्यावर आंद्रा नदीचे पाणी अडवून ते नळांतून पायथ्याशी आणले गेले आणि १९२२ साली येथे टाटांचे वीजकेंद्र सुरू झाले. तेव्हापासून शंभर वर्षांहून अधिक काळ येथील पाणी मोजले जाते, त्याची वीज मुंबईला जाते आणि तिचे बिलही निघते. त्याच डोंगराखाली दुपारची भांडी आटोपून, ओटीवर पाय पसरून गोधडी शिवीत बसलेल्या बाईचे टाके मात्र कोणी मोजले नाहीत. तिने स्वतःही कधी मोजले नाहीत. गोधडी शिवणाऱ्या भगिनींनी एकत्र का यावे आणि एकत्र येऊन नेमके काय मिळवावे, हा आजचा विषय आहे.

कोकणात गोधडी, सातारा-कोल्हापूरकडे वाकळ. नावे निराळी असली तरी रीत एकच. खाली धडके लुगडे, मध्ये विरलेल्या कपड्यांचे थर, वर पुन्हा बरे दिसणारे कापड आणि कडेपासून मध्याकडे सरकत जाणारा धावदोरा. आजीच्या नऊवारीची ऊब नातवाच्या दुपट्यात उतरावी, अशी ही व्यवस्था आहे. ‘पुनर्वापर’ हा शब्द परिसंवादांत रूढ होण्याच्या कितीतरी आधी आपल्या घरांत तो आचरला जात होता. या वस्त्राला आपल्याकडे एक आध्यात्मिक मानही आहे. गाडगेबाबांना लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दुसऱ्या कर्जतचे ग्रामदैवत तर गोदड महाराजच आहेत. आपल्या कर्जतकरांना हे सांगितले की नवल वाटते.

पण मान निराळा आणि मोल निराळे. घरची गोधडी घरात राहिली तोवर मोलाचा प्रश्नच नव्हता. आता कारखान्यातली ब्लँकेटे स्वस्त झाली आणि घरातली गोधडी माळ्यावर गेली. दुसरीकडे शहरातल्या दुकानांत तीच गोधडी ‘हस्तकला’ म्हणून काचेआड लागते. या दोन टोकांच्या मध्ये व्यापारी उभा आहे. तो कापड देतो, नग ठरवतो आणि उक्ती मजुरी हातावर ठेवतो. किती दिवस लागले, हे तो विचारीत नाही. बाईही सांगत नाही, कारण तिचे शिवणे स्वयंपाक, पाणी आणि मुलांचा अभ्यास यांच्या फटींत झालेले असते.

अहमदाबादेत नेमके हेच घडत होते. तेथील गिरण्यांच्या चिंध्या व्यापारी घेत आणि त्या जोडून रजईच्या खोळी शिवण्याचे काम घरोघरच्या बायकांना देत. एकेकटी बाई भाव वाढवून मागायला गेली की उद्यापासून काम बंद! सत्तरच्या दशकाच्या अखेरीस या बायका इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संस्थेकडे आल्या. १९७२ साली कामगार संघटना म्हणून ‘सेवा’ची नोंदणी करतानाच सरकारी कचेरीने अडवले होते की, या बायकांना मालकच नाही, मग संघटना कोणाविरुद्ध? संघटना कोणाविरुद्ध नसून एकमेकींसाठी असते, हे पटवावे लागले. खोळवाल्या बायकांनी मजुरीवाढ मागितली तेव्हा व्यापाऱ्यांनी काम देणे थांबवले. मग त्यांनी स्वतःच शिवण सुरू केले आणि पुढे ‘सबीना’ नावाची सहकारी संस्था उभी राहिली. त्यांची खरी लढाई सुईदोऱ्याची नव्हतीच. गिरणीतून थेट चिंधी मिळवणे हेच सर्वांत कठीण गेले, कारण कच्चा माल ज्याच्या हातात, भावही त्याच्याच हातात.

दुसरे उदाहरण सीमाभागातले. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरच्या रानांत सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला ‘कवंदी’ म्हणतात. कोपऱ्यापासून सुरुवात करून शिवण फिरत फिरत मध्यावर संपते आणि चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची ‘फुले’ लावतात. फुलांशिवाय कवंदी त्यांना उघडी वाटते. २००४ साली अमेरिकन कला-अभ्यासक हेन्री ड्रूवल यांच्या पुढाकाराने या बायकांची गोधडी सहकारी संस्था सुरू झाली आणि कवंद्या परदेशी पोहोचल्या. आपल्या घरातल्या कलेचे मोल बाहेरच्याने येऊन सांगावे लागते, ही गोष्ट थोडी बोचतेच.

संघटनेचा विषय निघाला की आपल्याकडे सगळे लिज्जत पापडाचे नाव घेतात. १९५९ साली गिरगावात सात भगिनींनी ऐंशी रुपये उसने घेऊन तो उद्योग सुरू केला. उदाहरण उत्तमच आहे, पण जसेच्या तसे येथे चालणार नाही. पापड आज लाटला की आज वजन होते आणि लाटणावळ ठरते. हाताची गोधडी पुरी व्हायला आठवडे लागतात. तोवर घरातला किराणा थांबत नाही. म्हणून बाई अर्धवट गोधडी व्यापाऱ्याच्या स्वाधीन करते किंवा पडेल भावाने विकून टाकते. गोधडी संघाने सदस्यांना द्यावयाचा पहिला लाभ म्हणूनच प्रदर्शनातला गाळा नव्हे. शिवण जसजशी पुढे सरकेल तसतशी मजुरीची उचल मिळाली पाहिजे. ते कर्ज नव्हे, केलेल्या कामाचे दाम आहे. ही सोय नसेल तर बाकीचे सारे लाभ कागदावर राहतील.

दुसरी गोष्ट कापडाची. सुती नऊवारी घरांतून जवळजवळ गेली. आजच्या कृत्रिम धाग्याच्या साड्या सुईखाली सरकतात आणि घामही टिपत नाहीत. चांगले जुने सुती कापड एकत्र मिळवून, धुऊन, निवडून साठवणे एकटीच्या आवाक्याबाहेरचे आहे, दहाजणींच्या आवाक्यातले आहे. आणि पाऊस! जूनपासून भातलावणी आणि मग ओल. त्या महिन्यांत सुई थांबते. तेव्हा आजारपण आले तर हात पसरावा लागू नये, म्हणून दर गोधडीमागे थोडी रक्कम संघाकडे बाजूला पडली पाहिजे.

कायद्याची अडचण फार नाही. बचत गटाला दहा ते वीस भगिनी पुरतात. सहकारी संस्था करायची तर १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानुसार निरनिराळ्या कुटुंबांतील किमान दहा व्यक्ती लागतात. केंद्र सरकारच्या हस्तशिल्प विभागाकडून कारागिरांना ओळखपत्र मिळते, त्यासाठीही अर्ज करावा. २०२३ साली सुरू झालेल्या ‘प्रधानमंत्री विश्वकर्मा’ योजनेतल्या अठरा व्यवसायांत शिंपी आहे, पण गोधडी शिवणारीचा वेगळा उल्लेख नाही. तो हवा, अशी मागणी एकटीने केली तर कोण ऐकणार?

ग्राहक शोधायला फार दूर जावे लागणार नाही. माथेरानला जाणारा प्रवासी नेरळला उतरतो आणि कर्जतच्या आसपास शेतघरे पसरली आहेत. तेथे थंडीत पांघरूण लागतेच. मात्र एक पथ्य पाळावे. आजीची गोधडी विकू नये. ग्राहक तीच मागतो, जुनी म्हणून जास्त पैसेही देऊ करतो. पण ती गेली की नव्या सुनेने वळण कोठून घ्यावे? ती घरात ठेवावी, नमुना म्हणून दाखवावी आणि तिच्यावरून नवी शिवून विकावी.

पहिल्या बैठकीला प्रत्येकीने घरातली एक गोधडी आणावी. ती कोणी शिवली, किती थर आहेत, किती दोरा लागला आणि किती दुपारी गेल्या, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारून वहीत लिहावे. दहा-वीस गोधड्यांची नोंद झाली की एका गोधडीला सरासरी किती तास लागतात ते कळेल आणि मजुरीचा दर त्यावरूनच ठरवता येईल. वही कोणाकडे राहील, हेही त्याच दिवशी ठरवून टाकावे.