रशियातील अन्न आणि आपली मुले



ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात रशियातील खाण्यापिण्यावर व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे कारण आपल्याच घरांत आहे. आपल्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाईस वैद्यकीय महाविद्यालय आहे खरे. परंतु तेथील जागा मोजक्या, आणि डॉक्टर होऊ इच्छिणारी मुले फार. म्हणून आपल्याकडील मुलेमुली कझान, कुर्स्क, त्वेर अशा दूरच्या नगरांस वैद्यकाच्या शिक्षणासाठी जाऊ लागली आहेत. जमिनीवर कर्ज काढून मुलास धाडणारा बाप शुल्काची चौकशी दहा ठिकाणी करतो. पण मुलगा तेथे खाणार काय, हा प्रश्न मात्र आईवर सोपवितो. आई त्याचे उत्तर चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे यांच्या पिशवीने देते. ती पिशवी पहिला बर्फ पडेपर्यंत पुरते. पुढे कित्येक मुले पाव आणि उकडलेले बटाटे यांवर दिवस काढतात. माळकरी घरातील मुलगी तर काय व कसे मागावे हेच न कळल्याने ताटावरून उठते. हिवाळा कडक, अभ्यास अवघड आणि पोट अर्धे, अशा स्थितीत पहिले वर्ष जाते. हे टाळता येण्याजोगे आहे, म्हणून आम्ही हा विषय घेतला.

प्रथम पावाविषयी. रशियाचा जुना पाव पांढरा नव्हे, काळा. तो राय नावाच्या धान्याचा. जेथे गहू थंडीने मरतो तेथे राय तग धरते. जशी आपल्या कोरडवाहू रानात रब्बीची ज्वारी. पीठ आंबवून केलेला असल्याने तो आंबट लागतो आणि पहिला घास घशाखाली उतरत नाही. पण आठ दिवसांनी त्याची गोडी लागते, आणि शेंगदाण्याच्या चटणीशी तो जितका जमतो तितका पांढरा पाव कधीच जमत नाही. त्या लोकांत पाहुण्याचे स्वागत पाव आणि मीठ पुढे करून करण्याची रीत आहे. आदरातिथ्याला त्यांच्या भाषेत जो शब्द आहे तोही या दोहोंच्याच नावांनी बनलेला आहे. मिठाला जागणे म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको.

पावाचा तुकडा ताटात टाकून उठलेल्या परदेशी मुलाकडे तेथील म्हातारी माणसे कठोर दृष्टीने पाहतात, तेव्हा त्यामागील इतिहास मुलास ठाऊक असावा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी लेनिनग्राडला वेढा घातला, त्या वेळी २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९४१ या काळात कामगारवर्गाबाहेरच्या माणसास आणि लहान मुलास दिवसाला अवघा १२५ ग्रॅम पाव मिळत असे, तोही भेसळीचा. ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात मिलोच्या भाकरी आणि दुष्काळी कामावरची सुकडी खाल्ली, त्या आपल्या वडीलधाऱ्यांस त्या म्हातारीची नजर अधिक उलगडून सांगण्याचे कारण नाही.

आता भाज्यांकडे वळू. रशियन स्वयंपाकघरात ‘उक्रोप’ नावाची एक पालेभाजी सर्वत्र आढळते. सारात, बटाट्यावर, काकडीच्या खारात, सर्वांवर ती भुरभुरलेली असते. ही उक्रोप म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपला शेपू! शेपूच्या नावाने घरी नाक मुरडणाऱ्या मुलांस तेथे त्याच वासाने घर आठवावे, हा दैवाचा विनोदच होय. तेथील हिरव्या ‘श्ची’मध्ये, म्हणजे एका पातळ सारात, जो आंबट पाला पडतो, तो आपल्या चुक्याचा सख्खा भाऊबंद. आंबवलेला कोबी आणि खारवलेली काकडी ही त्यांची लोणची. त्यांत तेल-तिखट नाही एवढेच. ‘केफिर’ हे आंबवलेले दूध आपल्या ताकाच्या जवळचे, ‘त्वोरोग’ म्हणजे पाणी गाळून घट्ट केलेला दुधाचा चोथा, आणि ‘स्मेताना’ म्हणजे आंबट साय. बोर्श्ट या बिटाच्या लाल सारास मात्र सरसकट रशियन म्हणू नये. युक्रेनमधील बोर्श्टच्या परंपरेची नोंद युनेस्कोने २०२२ मध्ये आपल्या यादीत केली आहे, आणि सध्याच्या काळात हा विषय जेवताना काढणे शहाणपणाचे नव्हे.

ज्या घरांत मांस वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी पुढील भाग विशेष महत्त्वाचा. ‘आम्ही शाकाहारी’ असे सांगितले की भोजनगृहातील बाई मान हलवते आणि कोंबडीच्या पाण्यात शिजविलेले सार आणून ठेवते. ‘बेझ म्यासा’, म्हणजे मांसाविना, असे म्हटले तर मासा येतो. कारण मासा हे मांस, असे त्यांच्या मनात येत नाही. तथापि त्यांच्याच धर्मात एक शब्द असा आहे की, जो उच्चारताच सगळे काही समजते. तो शब्द ‘पोस्नये’, म्हणजे उपवासाचे.

रशियातील सनातनी ख्रिस्ती पंथात उपवासाचे दिवस आपल्याइतकेच, किंबहुना अधिक आहेत. ईस्टरपूर्वीचे सात आठवडे, २८ नोव्हेंबरपासून ६ जानेवारीपर्यंतचे चाळीस दिवस, १४ ते २७ ऑगस्ट, उन्हाळ्यातील आणखी एक उपवास, आणि एरवीचे बहुतेक बुधवार व शुक्रवार. या दिवसांत मांस, अंडी, दूध, लोणी सर्व वर्ज्य. सगळेच लोक ते पाळतात असे नाही. पण मोठ्या उपवासाच्या आठवड्यांत अनेक भोजनगृहांत ‘पोस्नये’ पदार्थांची वेगळी यादी लागते. बिट, बटाटा, गाजर, आंबवलेला कोबी एकत्र करून वर तेल घातलेली ‘विनिग्रेत’ नावाची कोशिंबीर, अळंब्यांचे सार, कोबीची किंवा बटाट्याची करंजी हे सारे त्यांत असते. उपवासाच्या काही दिवशी मासा चालतो, म्हणून ‘बेझ रिबी’, माशाविना, हे दोन शब्द जोडून द्यावेत.

गंमत अशी की, त्यांचा उपवास आणि आपला उपवास हे एकमेकांच्या उलट आहेत. आपण धान्य सोडतो आणि दूध-तूप घेतो. ते दूध-तूप सोडतात आणि धान्य खातात. तेव्हा एकादशी करणाऱ्या मुलाने त्यांच्या उपवासाच्या ताटावर विसंबू नये!

या परस्पर-अडचणीचा अनुभव एका रशियन माणसाने सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वी आपल्याच देशी घेतला आहे. अफानासी निकितीन हा त्वेरचा व्यापारी इ. स. १४७० च्या आसपास चौल बंदरी उतरला, जुन्नरास पावसाळाभर राहिला आणि पुढे बिदरास गेला. बीडचा मुलूखही त्या वेळी बहामनी राज्यातच होता. येथील लोक खिचडी लोण्याबरोबर खातात, उजव्या हाताने जेवतात, चमचा वापरीत नाहीत, हे त्याने आपल्या वृत्तान्तात टिपून ठेवले. त्याची पुस्तके वाटेत लुटली गेल्याने ईस्टर केव्हा, उपवास केव्हा, हे त्यास कळेना; तेव्हा त्याने मुसलमानांच्या रोज्यांबरोबर महिनाभर मांस व स्निग्ध अन्न सोडून केवळ पाव आणि पाणी घेतले. मायदेशी परतताना घर गाठण्यापूर्वीच, स्मोलेन्स्कच्या अलीकडे, तो वारला. त्याचा पुतळा १९५५ मध्ये त्वेरमध्ये व्होल्गेच्या काठी उभारला गेला. आपली मुले त्याच गावात शिकतात.

तेलाचीही एक कथा सांगण्यासारखी आहे. उपवासात लोणी नाही, मग तेल कशाचे? इ. स. १८२९ मध्ये व्होरोनेझ प्रांतातील दानिइल बोकारेव या भूदासाने सूर्यफुलाच्या बियांचे तेल गाळण्याचा उद्योग आरंभिला, आणि तेच तेल घरोघरी पसरले. त्याला अजूनही ‘उपवासाचे तेल’ म्हणतात. पुढे १९६९ मध्ये सूर्यफुलाचे तेलबियांचे वाण सोव्हिएत संघातून भारतात आले, आणि मराठवाड्यातील शेतकऱ्याने ते करडईच्या शेजारी पेरून पाहिले. म्हणजे त्या देशाचे अन्न आपल्या शिवारात आधीच येऊन गेले आहे.

शेवटी सामानाविषयी. डाळ-तांदळाच्या गोण्या नेऊ नयेत. ते तेथे मिळतात. काळा मसाला, येसर, हिंग, हळद आणि वाळलेली लाल मिरची न्यावी, कारण तेथील अन्नात तिखटाचा मागमूस नसतो. ‘क्वास’ हे पावापासून केलेले पेय किंचित मद्यांश असलेले असते, हे माळकऱ्यांनी ध्यानात ठेवावे. आणि ‘ग्रेच्का’ शिजविण्यास मुलाने पहिल्याच आठवड्यात शिकावे. उत्तरेकडे उपवासाला चालणारे कुट्टू ते हेच. गवतवर्गीय धान्य नसून चुक्याच्याच कुळातील झाडाचे बी. एक वाटी भाजक्या ग्रेच्कास दोन वाट्या पाणी, मीठ, मंद आच. पाणी आटले की झाकून ठेवावे. तेथील लोक त्यावर लोणी घालतात. आपल्या मुलाने जिरे-मिरचीची फोडणी द्यावी, वर शेंगदाण्याचे कूट घालावे, आणि शेजारच्या खोलीतील रशियन मुलासही एक वाटी द्यावी.