मातीचे घर

मंडळी, राजवाडे राखतात, किल्ले राखतात, त्यात नवल नाही. आज आम्ही तुम्हाला एका शेतकऱ्याच्या घराची हकिकत सांगणार आहोत. घर मातीचे, वर गवताचे छप्पर. ते १७५७ साली बांधले आणि आजही उभे आहे!

इंग्लंडच्या उत्तरेस स्कॉटलंड देश आहे. तिथल्या ॲलोवे गावात हे घर आहे. विल्यम बर्न्स नावाच्या माळीकाम करणाऱ्या माणसाने तिथे साडेसात एकर जमीन खंडाने घेतली आणि घर स्वतःच्या हातांनी बांधले. एकाच छपराखाली माणसे आणि गुरे. आपल्याकडे काय निराळे असते?

१७५९ च्या जानेवारीत त्याला पहिला मुलगा झाला. नाव रॉबर्ट. पोर नऊ-दहा दिवसांचे होते. पहाटे वादळ सुटले, आणि घराच्या टोकाची उंच भिंत ढासळली. बाळ-बाळंतिणीला भर वादळात शेजाऱ्याकडे न्यावे लागले. विल्यमने भिंत नीट केली, तेव्हा आठवड्याने ती दोघे घरी आली.

भिंत का पडली, ते ऐका. चुलीच्या धुराड्यासाठी विल्यमने मातीच्या भिंतीत दगडाचे दोन खांब घातले होते. माती हळूहळू खाली बसते. दगड बसत नाही. माती बसली, खांब तसेच राहिले, आणि भिंतीचा तोल गेला. मातीच्या घराशी दगडाचे जमले नाही.

बरं का, आपल्या गावात मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करतात, तिथेही हेच होते. वरून भिंत चकचकीत दिसते. पण आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. मग काही पावसाळ्यांनी गिलाव्याचे पोपडे सुटतात, आणि आत पाहावे तो भिंत भुसभुशीत! मातीला माती लावावी, नाहीतर चुना. आमचे हेच सांगणे आहे.

विल्यम गरीब होता, पण मुलांनी शिकावे ही त्याला हौस. १७६५ साली त्याने आणि चार शेजाऱ्यांनी मिळून एक तरुण मास्तर ठेवला. मास्तर पाळीपाळीने एकेका घरी राहायचा, जेवायचा. रॉबर्ट असा शिकला. पुढे तो शेती करता करता मोठा कवी झाला. त्याने शेतकऱ्यांच्या बोलीत गाणी लिहिली. १७९६ साली, अवघ्या सदतिसाव्या वर्षी तो वारला.

घर मात्र १७८१ सालीच विकले गेले होते. पुढे तिथे काय झाले? दारूचा गुत्ता! कवीचे घर बघायला दुरून माणसे येत, आणि पुढ्यात दारूचा पेला येई. १८१८ साली कीट्स नावाचा दुसरा एक मोठा कवी आला. तिथल्या बडबड्या राखणदाराला तो इतका विटला, की त्याने पत्रात तसे लिहून ठेवले.

शेवटी १८८१ साली, बर्न्सच्या स्मारकाची व्यवस्था पाहणाऱ्या विश्वस्तांनी घर विकत घेतले. गुत्ता गेला. घर पूर्वी होते तसे करण्याचे काम हाती घेतले.

तरी संकट संपले नव्हते. १९१४ साली दोन बायका रात्री बाँब घेऊन आल्या. तिथे तेव्हा बायकांना मताचा हक्क नव्हता, त्यासाठी चळवळ चालू होती. मागणी रास्तच होती. पण घराने कोणाचे काय केले होते? पहारेकरी जागा होता म्हणून घर वाचले. एक बाई सापडली, दुसरी निसटली.

२००८ साली स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ट्रस्टने घर ताब्यात घेतले. आत स्वयंपाकघर आहे. तिथे भिंतीतल्या कोनाड्यात बिछाना आहे. रॉबर्ट तिथेच जन्मला. गोठाही जवळच आहे. छपराचे गवत मात्र कायमचे टिकत नाही. ते कुजले की काढावे लागते आणि नवे शाकारावे लागते.