पाण्याची वाट मोकळी ठेवा



यवतमाळच्या या उन्हाळ्यात पाणघोड्यावर बोलायला कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला, याचे आपणांस नवल वाटेल. पाणघोडा आपल्या जिल्ह्यात नाही, देशातल्या कोणत्याच रानात नाही; तो आफ्रिकेचा. परंतु त्याचे छायाचित्र कसे घ्यावे या प्रश्नात आपल्या टिपेश्वरच्या वाघाचा आणि तो वाघ दाखवून पोट भरणाऱ्या माणसाचा प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांला दिसले. म्हणून हा विषय.

‘सफारी’ हा शब्द आपणांस परका नाही. तो पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला आणि मुळात अरबीतला. आपली ‘सफर’ ही त्याचीच बहीण. या सफरीवर गेलेल्यास दिवसा पाणघोडा कसा दिसतो? पाण्यावर दोन कान, दोन डोळे आणि नाकपुड्या. बाकीचा दीड-दोन टनांचा देह पाण्याखाली. त्याची कातडी उन्हात लवकर सुकते, म्हणून तो दिवसभर पाणी सोडीत नाही. अंगातून लालसर द्रव पाझरतो, त्यास पूर्वी लोक ‘रक्ताचा घाम’ म्हणत. ते रक्तही नव्हे आणि घामही नव्हे. उन्हापासून कातडी राखणारा तो लेप आहे. रात्री हा प्राणी चरायला बाहेर पडतो आणि पहाटे तुडवून तुडवून पडलेल्या त्याच वाटेने पाण्याकडे परततो.

तेव्हा पाण्याबाहेरचा सबंध पाणघोडा ज्याला टिपायचा आहे, त्याने तांबडे फुटताना तेथे असावे, किंवा ढगाळ दिवस पाहावा. दूरचे दाखवणारे भिंग लावावे, गाडीचे यंत्र बंद करावे आणि वाटेपासून बाजूला मुकाट्याने बसावे. बाजूला का? कारण जमिनीवर बिचकलेला पाणघोडा पाण्याकडे धावतो आणि मध्ये जो सापडेल त्याची धडगत नसते. तो गवत खाणारा खरा; पण आफ्रिकेत त्याच्यामुळे माणसे मरतात, आणि त्यांत नदीवर पोट असलेले कोळी व काठावरचे गावकरी असतात.

आम्ही पुष्कळ घेराव पाहिले, काही घातलेही. त्यांतून एवढे शिकलो, की घेरलेल्याला बाहेरचे दार दिसत असेल तर बोलणी होतात. दार बंद झाले की भित्राही अंगावर येतो. रानातला न्याय याहून निराळा नाही.

आता आपल्या घरी येऊ. पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे. मांजराच्या कुळातला असूनही वाघाला पाण्याचे वावडे नाही. चैत्र-वैशाखात तो पाणवठ्यावर येतो, पुष्कळदा पाठमोरा पाण्यात उतरतो आणि मानेपर्यंत बसून राहतो. छायाचित्रकाराला हवा असतो तो निथळत बाहेर येणारा वाघ. त्याला जायचे असते सावलीकडे, आणि नेमक्या त्याच बाजूला जिप्सी गाड्यांची रांग लागली तर?

हे काल्पनिक नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे यांची वाट दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या गाड्यांनी अडवली. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली. गाडीचालक आणि गाइड निलंबित झाले.

चूक झाली, शिक्षा झाली. त्यांची तरफदारी करायला आम्ही उभे नाही. पण आमचा प्रश्न असा, की गाडी पुढे घ्यायला सांगतो कोण? मागच्या आसनावरून ‘आणखी थोडी पुढे’ असे म्हणणारा आवाज कोणाचा? गाइड हा जवळच्याच गावचा पोरगा. पावसाळ्यात सफारी बंद, तेव्हा रोजीही बंद. ‘नाही’ म्हटले तर पाहुणा रुसतो आणि बक्षिसी जाते. नियम पाटीवर लिहिलेला असतो. तो पाळण्याची किंमत मात्र त्या गरिबाच्या खिशातून वसूल होते. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभा नाही, त्याच्यावर सगळी जबाबदारी टाकणे हा न्याय नव्हे.

आणि या पोरांना वाघ म्हणजे केवळ चित्र नव्हे, हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात ‘अवनी’ वाघीण गोळीने मारली गेली, तोवर तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर मांडले गेले होते. तिच्याविषयी दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. मेलेली माणसे कोण, हे कमी विचारले गेले. ती शेतात राबणारी, गुरे राखणारी होती.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. टिपेश्वरला जाल तेव्हा गाडीत बसण्यापूर्वीच गाइडला सांगा : ‘दादा, थांब म्हणशील तेथे आम्ही थांबू.’ वाघ न दिसताही त्याने नियम पाळला असेल, तर बक्षिसी हातावर ठेवा, आणि ती थोडी जास्तच ठेवा. वनखात्याकडे आमचे म्हणणे असे, की नियमासाठी ‘नाही’ म्हणणाऱ्याची रोजी बुडणार नाही अशी तजवीज व्हावी.

पाणघोडा असो की वाघ, त्याची वाट मोकळी असली की तो आपल्या वेळेला, आपल्या पायांनी पाण्याबाहेर येतो. त्या वेळेपर्यंत थांबणे ज्याला जमते, त्यालाच त्याचे खरे चित्र मिळते.