खेळाडूची निष्ठा



मराठीत आपण क्रिकेट 'खेळतो' आणि जुगारही 'खेळतो'. क्रियापद एकच, परंतु वृत्ती भिन्न. खेळाडू निकाल घडविण्यासाठी झटतो. जुगारी त्या निकालावर पैसा लावतो. ह्या दोन्ही भूमिका एकाच माणसाने घेतल्या, की सामन्याला अर्थ उरत नाही.

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेने, अर्थात एन.बी.ए.ने, १९५४ साली जॅक मोलिनास ह्या खेळाडूला सट्ट्यापायी बाहेर काढले. सत्तर वर्षांनी, १७ एप्रिल २०२४ रोजी, टोरँटो रॅप्टर्सच्या जाँटे पोर्टरवर तीच पाळी आली. २० मार्चच्या सामन्यात तो अवघी तीन मिनिटे खेळला आणि प्रकृतीचे कारण सांगून बाहेर पडला. आपल्या प्रकृतीची गोपनीय माहिती त्याने आधीच एका सट्टेबाजाला दिली होती आणि पैजेसाठी खेळ आवरता घेतला होता, असे संघटनेच्या चौकशीत आढळले. त्याच्यावर आजन्म बंदी आली.

आता आपल्या इंदूरकडे वळू. सय्यद मुश्ताक अली हे इंदूरचे सुपुत्र. १९३६ साली मँचेस्टर येथे शतक काढून परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांच्या नावाच्या करंडक स्पर्धेत, २२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदुरात, मुंबईच्या पृथ्वी शॉच्या लघवीचा नमुना घेण्यात आला. वय एकोणीस, चार महिन्यांपूर्वीच राजकोटला कसोटी पदार्पणात त्याने १३४ धावा केल्या होत्या. नमुन्यात टर्ब्युटालीन हे निषिद्ध द्रव्य सापडले. खोकल्याच्या काही औषधांत ते असते. श्वसनमार्गाच्या संसर्गावर ते अनवधानाने घेतले गेले, हा त्याचा खुलासा क्रिकेट नियामक मंडळाने मान्य केला. तरीही आठ महिन्यांची बंदी घातली. मागील तारखेपासून धरलेली ती बंदी १५ नोव्हेंबर २०१९ रोजी संपली.

हेतू निर्मळ असता शिक्षा का, असा प्रश्न येथे उद्भवतो. चाचणीला शरीरातील द्रव्य कळते, मनातील हेतू कळत नाही. 'मला ठाऊक नव्हते' एवढे म्हणून सुटता आले, तर प्रत्येक जण तेच म्हणेल आणि नियमाने वागणाऱ्या प्रतिस्पर्ध्यावर अन्याय होईल. म्हणून नियम सर्वांना सारखा हवा. मात्र शिक्षेचे माप हेतू पाहूनच ठरावे. खेळ विकणाऱ्याला आजन्म बंदी आणि गाफील राहिलेल्याला आठ महिने, ह्या तफावतीतच न्यायाचा विवेक आहे. चुकलेल्या तरुणाला परतीची वाट मोकळी राहिली पाहिजे.

ह्यातला मोठा वाटा आपणा वडीलधाऱ्यांचा आहे. मानपुरातला मुलगा उद्या जिल्ह्यासाठी, राज्यासाठी खेळेल. फलंदाजी शिकविताना आपण त्याला हेही शिकवावे, की औषध घेण्यापूर्वी डॉक्टरांना 'मी स्पर्धेत खेळतो' असे सांगायचे. निषिद्ध औषध खरोखरच आवश्यक असेल, तर परवानगी मागण्याची तरतूद नियमांत आहे. आणि संघातील कोण जखमी, कोण आजारी, हे गोड बोलून विचारणाऱ्या अनोळखी माणसाला उत्तर द्यायचे नाही. लगेच प्रशिक्षकांना कळवायचे.

मुलाला बॅट देतानाच हे दोन धडे द्यावेत, एवढी विनंती.