निलगिरीचा चहा : एका शेजाऱ्याची ओळख

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



कॉफीच्या राज्यात राहून चहावर बोलण्याचे धाडस मी करीत आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी नोकरीनिमित्त बंगळूर गाठले, येथील फिल्टर कॉफी आनंदाने स्वीकारली. तरी पहाटेचा पहिला मान चहालाच ठेवला. मात्र येथून सुमारे तीनशे किलोमीटरवर, म्हैसूर-बंदीपूरच्या पलीकडे, भारतातील एक उत्कृष्ट काळा चहा पिकतो, याची जाणीव फार थोड्यांना असते. दार्जिलिंगचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. निलगिरीची आठवण आपल्याला होते ती सर्दीपडशात, तेलाच्या बाटलीपुरती!

चहा हा निलगिरीचा मूळ रहिवासी नव्हे. १८२३ साली आसामात रॉबर्ट ब्रूस यास सिंगफो लोकांकडून तेथील रानचहाची माहिती मिळाली आणि १८३९ साली आसामचा चहा लंडनच्या लिलावात पोहोचला. दरम्यान, १८३५ च्या सुमारास, चिनी बियाण्याची रोपे निलगिरीतील केटी येथील सरकारी शेतावर प्रयोगादाखल आली. व्यापारी मळे उभे राहण्यास आणखी वीस-पंचवीस वर्षे लागली. पुढे १८९३ साली दक्षिणेतील मळेवाल्यांची ‘उपासी’ ही संघटना स्थापन झाली, ती आपल्या याच बंगळुरात.

परक्या मातीत रुजलेल्या या झुडपाने तेथला गुण घेतला. उंच डोंगर, दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस आणि डिसेंबर ते फेब्रुवारीतील गारठ्याच्या रात्री. थंडीत पाला सावकाश वाढतो आणि त्यात सुगंध साठतो. म्हणूनच हिवाळी तोडीचा चहा विशेष मानतात. त्याचा रंग सोनेरी तांबूस, वास फुलासारखा आणि चव तरतरीत, पण जिभेला न बोचणारी. हा चहा बर्फावर ओतला तरी गढुळत नाही, निवळच राहतो.

हे गुण टिकतात ते जुन्या, ‘ऑर्थोडॉक्स’ म्हटल्या जाणाऱ्या पद्धतीने. एक कळी व दोन पाने खुडायची, रात्रभर कोमेजू द्यायची, वळायची, हवेत तांबूस होऊ द्यायची आणि मग गरम हवेने वाळवायची. याउलट, १९३० च्या दशकात आसामात निघालेल्या सीटीसी पद्धतीत दातेरी रुळांमध्ये पाला चिरडून, फाडून त्याचे दाणे बनवतात. दाण्यांचा चहा कडक व झटपट उतरतो आणि दूध-साखर-आल्यापुढे हार खात नाही. आपल्या अमृततुल्याला तोच हवा.

आता निलगिरीतही बहुतांश चहा याच पद्धतीचा होतो आणि तो मिश्रणात जातो. मिश्रणात पानाचे नाव हरवते. नाव हरवले की भावही हरवतो. तेथे हजारो लहान शेतकरी आपला पाला कारखान्यांना विकतात. उत्तम पाल्याला वेगळा भाव मिळणार नसेल, तर त्यांनी दोनच पाने निवडून खुडण्याचे कष्ट का घ्यावेत? २००८ साली ‘निलगिरी ऑर्थोडॉक्स’ला भौगोलिक मानांकन मिळाले. पण मोहोर शासनाने उमटवली, तरी नाव जिवंत राहते ते ग्राहकाच्या तोंडी. महानगराच्या मिश्रणात आपली भाषा, आपली चव राखण्यासाठी ज्यांनी मंडळ स्थापन केले आणि पन्नास वर्षे चालवले, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

आता कृती. भगिनीवर्गाने क्षमा करावी, पण हा चहा उकळायचा नाही. सकाळच्या चहाप्रमाणे पातेल्यात दूध-साखरेसह खळखळवला, की सुगंध वाफेबरोबर जातो आणि उरतो तुरटपणा. ताजे पाणी घ्यावे. बोअरवेलच्या जड पाण्याने वर तवंग येतो व वास मंदावतो. शक्यतो कावेरीचे वापरावे. किटली गरम पाण्याने विसळून दर कपामागे सुमारे दोन ग्रॅम, म्हणजे एक भरघोस चमचा, पत्ती टाकावी. पाण्याला उकळी फुटताच ते पत्तीवर ओतावे, झाकण ठेवून तीन ते चार मिनिटे थांबावे आणि सगळा चहा एकदम गाळून घ्यावा. पत्ती पाण्यात राहिली तर दुसरा कप कडवट होतो. किटली नसल्यास झाकणाचे स्टीलचे पातेलेही चालते. पहिला घोट दुधाविना घ्यावा. मग वाटल्यास चमचाभर दूध.

आल्याचा चहा सोडा, असे मी मुळीच सुचवीत नाही. पुण्याचा अमृततुल्यही राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी रुजवला आणि आज त्यावाचून पुणे ओळखू येत नाही. जो जेथे रुजतो, तो तेथला होतो. तेव्हा सकाळ अमृततुल्याची असो. परंतु रविवारची एक दुपार शेजाऱ्यासाठी राखावी आणि दुकानात नुसती ‘चहापत्ती’ न मागता ‘निलगिरी, ऑर्थोडॉक्स’ असे नाव घेऊन मागावे. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.